वादी

इथं कोरड्या नदीला वादी म्हणतात.
मस्कतच्या कचेरीत पहिल्यांदा तो शब्द ऐकला
तेव्हा मला सांगलीच्या कोर्टाचा व्हरांडा आठवला,
पुकारा करणारा शिपाई:
वादी हजर?

मी विमा कंपनीचा माणूस. हातात टॅब, टॅबवर प्रश्न:
तुमच्या घरात पाणी शिरेल असं तुम्हाला वाटतं का?
एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे नक्की.
बाहेर चव्वेचाळीस डिग्री.
एसीच्या नळीतून टपटपतं
तेवढंच गल्लीतलं पाणी.

कुंजुमोन दुकानदार म्हणाला, एक लिहा.
त्याचं गोदाम तळघरात, भाडं निम्मं.
'शंभर वर्षांतनं एकदा म्हणतात ना?
मग आपलं गोनूच्या वर्षी येऊन गेलं.
आता पुढचं नातवंडं बघतील.'
मी सांगणार होतो
की पाणी पाळी लावून येत नाही,
दरवर्षी नवी चिठ्ठी निघते,
आणि समुद्र तापल्यापासून
डब्यातल्या चिठ्ठ्याही कुणीतरी बदलल्यात.
पण त्यानं लबानची थंड बाटली पुढं केली.
मी एक लिहिला.

चौथ्या मजल्यावरची मारिसेल म्हणाली, पाच.
तिच्या बेटावर पोरं पाढ्यांआधी वादळांची नावं शिकतात.
पासपोर्ट, लेकीचे फोटो, दोन मेणबत्त्या
प्लास्टिकच्या पिशवीत, दाराशी खिळ्याला.

हिलाल बिन सुवैद आकडाच देईना.
काठीनं फार्मसीची काच दाखवली:
'तिथून ती वळायची.
आम्ही तिथं बकरीसुद्धा बांधत नव्हतो.'
आतून मुलगा म्हणाला, 'बाबा, आता वर बांध घातलाय.'
म्हातारा म्हणाला, 'तिला कळवलंत का?'
याला रकाना नव्हता.
मी 'इतर'मध्ये टाकलं.

आणि मी?
मी आयर्विन पुलाच्या गावचा.
'आज किती फूट?' हे आमच्याकडं
'जेवलास का?'च्या आधी विचारतात.
चाळीसला गाद्या माळ्यावर,
पंचेचाळीसला म्हशी बायपासवर.
कृष्णा पायरी पायरीनं येते,
दार वाजवून, चपला काढून.
म्हणून ट्रेनिंगमध्ये स्वतःचा फॉर्म भरताना
मी ठामपणे लिहिलं: दोन.
मला पूर कळतो, असं मला वाटायचं.
तळमजल्याची खोली चाळीस रियालनं स्वस्त होती
हे त्या फॉर्मात विचारलं नव्हतं.

एप्रिलमधला मंगळवार. आमच्यावर आभाळ स्वच्छ.
फक्त डोंगराकडं काजळी.
मी सवयीनं बघायला गेलो, कितीवर आहे.
ती मोजून घ्यायला थांबली नाही.
दगड, बाभळीची झाडं, एक गॅस सिलिंडर,
कुणाची तरी पांढरी गाडी, इंडिकेटर लावलेली,
डावीकडं वळतोय असं सांगत सरळ चाललेली.
फार्मसीपाशी ती वळली.
अगदी काठीनं दाखवलं होतं तिथंच.

कुंजुमोन छातीभर पाण्यात तांदळाची पोती ओढत होता.
मारिसेलनं मला जिन्यावरून हात दिला.

पुढच्या महिन्यात फेरसर्वेक्षण. सगळ्यांचे पाच.
दिवाळीपर्यंत तीन.
तळघराला नवा भाडेकरू: गाद्यांचं दुकान.

माझ्या खोलीत रंगारी आला, मोतालेब,
कुठल्या तरी नदीनं खाल्लेल्या गावचा.
भिंतीवर कमरेइतकी तपकिरी रेघ.
मालकाचा हुकूम: दिसता कामा नये.
मी म्हटलं, फ्रिजच्या मागं वीतभर राहू दे.
तो काही बोलला नाही.
दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली,
मधला तुकडा फुंकरीनं साफ केला,
आणि पेन्सिलनं तिथं तारीख घालायला
माझ्याकडं बघत थांबला.